फोल्डस्कोप: कागदी सूक्ष्मदर्शकातून जिवंत पेशी किती दिसते?

शाळेच्या विज्ञानात सजीवांची लक्षणे एका धड्यात येतात: हालचाल, वाढ, श्वसन, उत्सर्जन, चेतनाक्षमता, प्रजनन. पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था ही रचना दुसऱ्या धड्यात येते. ही लक्षणे त्या रचनेमुळेच शक्य होतात, पण बाजारात मिळणाऱ्या तयार काचपट्ट्यांच्या पेटीतून हा संबंध कधीच कळत नाही. तिथले सगळे नमुने मेलेले, रंगवलेले आणि कायमचे चिकटवलेले असतात. म्हणून फोल्डस्कोप या घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकाचे परीक्षण करताना एकच प्रश्न महत्त्वाचा ठरतो: पेशी जिवंत असताना तिच्यात काय चालले आहे, ते यातून कितपत दिसते?

थोडक्यात उत्तर असे. पेशी, पेशींची मांडणी आणि सजीवांची बरीचशी लक्षणे यातून चांगली दिसतात. पेशीतली बहुतेक अंगके, म्हणजे पेशीच्या आतले छोटे कार्यकारी भाग, दिसत नाहीत. खोडाचा किंवा मुळाचा पूर्ण आडवा छेद एका नजरेत मावत नाही. या तीन गोष्टी माहीत असताना घेतला तर हा फार मोलाचा संच आहे. 'सूक्ष्मदर्शकाला स्वस्त पर्याय' एवढ्याच समजुतीने घेतला तर निराशा होईल.

उपकरण मूळचे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतले. मेरठकडचे आणि आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले मनू प्रकाश, त्यांचे विद्यार्थी जिम सायबुल्स्की आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसवणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पुढे शाळा-महाविद्यालयांना यासाठी अनुदानेही दिली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेक शिक्षकांना हे नाव ओळखीचे आहे. आज मिळणाऱ्या संचावर १४० पट विशालन आणि २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) विभेदनक्षमता असे लिहिलेले असते. यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. दोन ठिपके २ मायक्रॉनपेक्षा जवळ असतील तर ते एकच दिसणार, मग फोनवर चित्र कितीही मोठे करा.

आत भिंग एकच असते. मूळ शोधनिबंधातल्या १४० पटींच्या रचनेत ते सुमारे २.४ मिलिमीटर व्यासाची काचेची गोळी आहे. अशा गोळीचे नाभीय अंतर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास येते आणि नमुना काचेपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर ठेवावा लागतो. वापरताना येणाऱ्या अडचणींपैकी निम्म्या या अर्ध्या मिलिमीटरमुळे येतात. नमुना जाड असेल, कव्हरस्लिप (नमुन्यावर झाकायची पातळ काच) तिरकी बसली असेल किंवा पट्टी उलटी घातली असेल, तर फोकस होतच नाही. थेंब मोठा असेल तर पाणी थेट भिंगाला लागते. सतराव्या शतकात डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने एकाच भिंगाच्या उपकरणातून पाण्यातले सूक्ष्मजीव पाहिले, त्यामागे हेच तत्त्व होते. एका भिंगाचा फायदा असा की प्रतिमा सुलट दिसते. शाळेतल्या संयुक्त सूक्ष्मदर्शकात ती उलटी दिसते आणि पट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळते, त्यामुळे नवशिके गोंधळतात.

जोडणी पहिल्यांदा करताना अर्धा तास हाताशी ठेवावा. ताव छिद्ररेषेवर सोडवायचा, रंगांच्या खुणा जुळवत घड्या घालायच्या, फोकसची पट्टी खोबणीत बसवायची आणि शेवटी भिंग. घड्या नखाने नीट दाबल्या नाहीत तर पट्टी ढिली राहते आणि फोकस एका बाजूलाच लागतो. कागद पाण्याने भिजणारा नाही आणि सहज फाटतही नाही, म्हणून घडी घालताना जोर लावायला हरकत नाही. भिंगाला मात्र बोट लागू देऊ नये. लागलेच तर मऊ सुती कापडाने अलगद पुसावे. टिश्यू पेपरचे तंतू मागे राहतात आणि पुढे तेच 'जंतू' म्हणून दिसतात.

पाहताना उपकरण डोळ्याच्या इतके जवळ हवे की पापण्या जवळजवळ टेकतील. उजळ आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीवरच्या उजेडाकडे बघावे. सूर्याकडे कधीही रोखू नये; मुलांच्या हातात देण्याआधी ही सूचना दोनदा द्यावी. चष्मा असणाऱ्यांनी तो काढून फोकस पुन्हा लावावा. जवळचे किंवा दूरचे न दिसणे फोकसमध्ये भरून निघते, पण सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर फोनवर पाहणे बरे.

आता नमुने.

कांद्याच्या पापुद्र्याने सगळेच सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे. पेशी मोठ्या असतात, एकाच थरात असतात आणि एकमेकींना घट्ट लागून असतात, त्यामुळे सारख्या पेशींचा थर म्हणजे ऊती ही कल्पना इथेच पक्की होते. पापुद्रा मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा घ्यावा; बाहेरचा सुकलेला नको. पाच मिलिमीटरचा तुकडा, पाण्याचा एक थेंब, आयोडीनचा एक छोटा थेंब, दोन मिनिटे थांबून कव्हरस्लिप. केंद्रक पिवळसर तपकिरी ठिपक्यासारखे उठून दिसते. घडी पडलेला पापुद्रा लगेच टाकून द्यावा, तो सरळ करत बसू नये. जाड काळ्या कडेची, मधोमध चमकणारी गोल वर्तुळे दिसली तर ते हवेचे बुडबुडे आहेत. पहिल्यांदा पाहणारे त्यांनाच पेशी समजून चित्र काढतात. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईवर हळूहळू खाली सोडली तर बुडबुडे कमी होतात.

पण आयोडीनने कांद्याची पेशी मरते. जिवंत पेशी पाहायची तर र्‍हिओ घ्या. बागेत, सोसायटीच्या कुंड्यांत, रस्त्याच्या दुभाजकात लावतात ते, वरून हिरवे आणि खालून जांभळे पान. पान तिरके फाडले की खालच्या जांभळ्या त्वचेचा पारदर्शक पापुद्रा कडेला लोंबतो, तोच कापून घ्यायचा. रंगवायची गरज नाही, कारण रंग पेशीच्या रिक्तिकेतच, म्हणजे आतल्या द्रवाने भरलेल्या पिशवीतच, असतो. जांभळ्या पेशींमध्ये मधूनमधून पर्णरंध्रे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना हिरव्या रक्षक पेशी दिसतात. एकाच थरात दोन वेगळ्या कामांच्या पेशी अशा शेजारी-शेजारी दिसणे हा रचनेच्या धड्यातला सर्वांत स्पष्ट नमुना आहे, आणि १४० पटींना तो अगदी योग्य आकारात दिसतो.

याच पापुद्र्यावर पुढचा प्रयोग करावा. अर्धा पेला, म्हणजे सुमारे १०० मिली पाण्यात एक सपाट चमचा मीठ विरघळवा. द्रावण साधारण ५ टक्के होते. कव्हरस्लिपच्या एका कडेला या द्रावणाचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून जुने पाणी ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसतो, पेशीभित्तिकेपासून सुटून आत गोळा होतो आणि भित्तिका जागच्या जागी राहते. याला रससंकोच म्हणतात. मग त्याच पद्धतीने साधे पाणी आत ओढा. संकोच वेळेत थांबवला असेल तर जांभळा रंग पुन्हा पसरतो. तुलनेसाठी दुसरा पापुद्रा मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून घ्यावा. त्यातून रंग गळून जातो आणि मिठाचा काहीही परिणाम होत नाही. पेशीपटल आत-बाहेर काय जाऊ द्यायचे ते ठरवते, आणि पेशी मेली की ही निवड संपते, हे याहून चांगले दाखवणारा स्वस्त प्रयोग नाही. प्रयोग फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे द्रावण फार तीव्र करणे. दोन-तीन चमचे मीठ घातले की संकोच होतो, पण नंतर पेशी परत येत नाही, आणि मग मुले 'पेशी आधीच मेली होती का?' असे विचारतात. प्रश्न रास्त असतो.

हालचालीसाठी हायड्रिला. तळ्यात मिळते आणि मत्स्यालयाच्या दुकानातही. शेंड्याजवळचे कोवळे पान अख्खेच घ्यावे; ते फक्त दोन थर जाड असते, त्यामुळे छेद घ्यावा लागत नाही. कोमट खोलीत, उजेडात दहा-पंधरा मिनिटे ठेवून मग मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशींवर फोकस करावा. हरितलवके पेशीच्या कडेकडेने ओळीने फिरताना दिसतात. पान फ्रिजमधल्या पाण्यातून काढले असेल किंवा बराच वेळ अंधारात असेल तर हा प्रवाह थांबलेला असतो. तेव्हा उपकरणाला दोष न देता पानाला ऊब आणि उजेड द्यावा.

इथे एक इशारा. हलणारी प्रत्येक गोष्ट जिवंत नसते. सगळे कण एकाच दिशेने जात असतील तर तो पाण्याचा प्रवाह आहे. बारीक कण जागच्या जागी थरथरत असतील तर ती ब्राऊनची गती. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने परागकणांतल्या कणांची ही थरथर पाहिली आणि पुढे निर्जीव वस्तूंचे चूर्ण वापरूनही तीच दिसते हे दाखवले. सजीव दिशा बदलतो, अडथळ्याला टेकून मागे फिरतो, थांबतो आणि पुन्हा निघतो. निरीक्षणवहीत 'हालते' एवढे लिहून चालणार नाही. कसे हालते ते लिहावे.

चयापचय, म्हणजे पेशीत सतत चालणाऱ्या रासायनिक क्रिया, हा शब्द पाठ करायला सोपा आणि दाखवायला अवघड. यीस्ट आणि मिथिलीन ब्लू घेतले तर तो फोल्डस्कोपमध्येही दिसतो. १०० मिली कोमट पाणी, एक चमचा साखर, पाव चमचा कोरडे यीस्ट; पाऊण तास झाकून ठेवा. त्यातला एक भाग दहा भाग पाण्यात मिसळा, नाहीतर पेशींची इतकी गर्दी होते की काहीच कळत नाही. या पातळ केलेल्या मिश्रणात फिकट निळे, साधारण ०.०१ टक्के मिथिलीन ब्लू समप्रमाणात घाला आणि पाच मिनिटांनी पाहा. जिवंत पेशी आत आलेल्या रंगाचे क्षपण करून तो रंगहीन करतात. मेलेल्या निळ्याच राहतात. उकळून थंड केलेले यीस्ट शेजारच्या पट्टीवर ठेवले तर ते जवळजवळ सगळे निळे दिसते. पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लावला तर रंगानेच पेशी मरू लागतात आणि निकाल बिघडतो. यीस्टची पेशी ५ ते ८ मायक्रॉनची असल्याने ती लहानच दिसते, पण निळी की पांढरी हा फरक नक्की कळतो, आणि काही पेशींना चिकटलेली छोटी कळी, म्हणजे मुकुलायन, हेही दिसते.

फोल्डस्कोप खरा कमाल करतो तो डबक्याच्या पाण्यावर. मूठभर वाळलेले गवत अर्ध्या लिटर पाण्यात दहा मिनिटे उकळून थंड करा, त्यात तळ्यातले किंवा विहिरीतले दोन-तीन चमचे पाणी घाला आणि फडक्याने झाकून सावलीत ठेवा. नळाचे पाणी वापरायचे असेल तर ते आधी दिवसभर उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन निघून जाईल. चार ते सात दिवसांत वर पातळ साय धरते. तिच्या अगदी खालचा थेंब घ्यावा; तळातला गाळ घेतला तर पट्टी काळी दिसते. त्यातले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव फार वेगाने पळतात, म्हणून थेंबात कापसाचे चार-पाच तंतू विस्कटून टाकावेत. तंतूंच्या जाळीत अडकलेला पॅरामेशियम अडथळ्याला धडकून मागे सरकतो आणि दिशा बदलतो. चेतनाक्षमतेचे उदाहरण आपोआप मिळते. तो बराच वेळ एका जागी राहिला आणि उजेड थोडा कमी केला, तर पाणी बाहेर टाकणारी आकुंचनशील रिक्तिका उघडझाप करतानाही पकडता येते. त्यासाठी व्हिडिओ काढून हळू चालवणे उत्तम.

त्याच थेंबात बहुधा रोटिफरही सापडतो, आणि रचनेच्या पातळ्या समजवायला याहून सुंदर प्राणी नाही. पॅरामेशियम आणि रोटिफर आकाराने जवळपास सारखेच, दोघेही साधारण पाव मिलिमीटरचे. पण पॅरामेशियम म्हणजे एकच पेशी. रोटिफरच्या इवल्याशा शरीरात सुमारे हजार पेशी असतात, त्यांचे स्नायू, पचनमार्ग, तोंडाशी फिरणाऱ्या केसलांची (केसांसारख्या बारीक तंतूंची) चाके असे भाग झालेले असतात, आणि अन्न दळणारा जबडा आत सतत हलताना १४० पटींनाही दिसतो. 'एकपेशीय म्हणजे लहान, बहुपेशीय म्हणजे मोठा' हा बहुतेकांच्या डोक्यात घट्ट बसलेला समज या एका थेंबात मोडतो. तयार काचपट्ट्यांच्या पेटीत हे दोघे कधीही शेजारी पोहताना भेटणार नाहीत.

गालाच्या पेशी आतून टूथपिकने अलगद खरवडून घ्याव्यात. साध्या पाण्याऐवजी ०.९ टक्के सलाइन वापरावे, नाहीतर पेशी फुगतात. केंद्रक दिसते, भित्तिका नाही, म्हणून कांद्याशी तुलना होते. एवढेच पुरे. रक्ताचा नमुना वर्गात घेऊ नये. ७-८ मायक्रॉनच्या लाल पेशींत इथे गोल ठिपक्यांपलीकडे विशेष दिसतही नाही आणि संसर्गाचा धोका मात्र खरा असतो.

आता उणिवा. तंतुकणिका सुमारे अर्धा ते एक मायक्रॉन रुंद असतात, रायबोझोम तर २०-२५ नॅनोमीटरचे. पेशी-अंगकांचा धडा या उपकरणाने शिकवता येणार नाही. केंद्रक, हरितलवक, मोठी रिक्तिका आणि स्टार्चचे कण एवढीच मर्यादा. दह्यातले जिवाणू फार तर पुसट रेघांसारखे भासतात, आणि ते जिवाणू आहेत की केसिन या दुधातल्या प्रथिनाचे कण, हे यातून सांगता येत नाही. त्यासाठी ४० पटींचे वस्तुभिंग असलेला संयुक्त सूक्ष्मदर्शक हवा. त्याची विभेदनक्षमता अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. दुसऱ्या टोकाला, मका आणि सूर्यफूल यांच्या खोडांतला फरक पाहायचा तर १४० पटींचे क्षेत्र फारच छोटे पडते. मक्यात वाहक पूल (पाणी आणि अन्न वाहणाऱ्या ऊतींचे जुडगे) विखुरलेले, सूर्यफुलात वर्तुळात, हे समजायला पूर्ण छेद एकत्र दिसावा लागतो. इथे १० पटींचे साधे हातभिंग जास्त उपयोगी. तेव्हा अवयव हातभिंगाने आणि ऊती फोल्डस्कोपने अशी जोडी ठेवावी.

तिसरी उणीव काहीशी अनपेक्षित आहे. आकाशाकडे धरून पाहताना पट्टी उभी असते. थेंब खाली ओघळतो, जीव खालच्या कडेला जमतात. कव्हरस्लिपच्या चारही कडांना व्हॅसलीनची अगदी पातळ रेघ लावली की पाणी टिकते आणि नमुना अर्धा-पाऊण तास सुकतही नाही. याहून बरा मार्ग म्हणजे संचातला एलईडी दिवा खाली आडवा ठेवून, त्यावर फोल्डस्कोप आणि वर फोन. संचात येणाऱ्या स्टिकरच्या कागदी पट्ट्या परागकण, पंखांचे खवले, केस अशा कोरड्या नमुन्यांसाठी छान. ओल्या जिवंत नमुन्याला काचेचीच पट्टी घ्यावी.

फोनला जोडताना चुंबकी कडी मुख्य कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यावर बसली पाहिजे. दोन-तीन कॅमेऱ्यांचे फोन जवळची वस्तू पाहून आपोआप दुसऱ्या भिंगावर उडी मारतात आणि पडदा एकदम काळा होतो. ती सोय सेटिंगमधून बंद करावी. कुठला कॅमेरा चालू आहे ते बोटाने एकेक झाकून कळते. झूम दोन-तीन पटींपर्यंतच ठेवावा. काम झाले की चुंबक काढून ठेवावा, कारण काही फोनमधली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा चुंबकाजवळ नीट चालत नाही.

वर्गासाठी हिशेब सरळ आहे. चाळीस मुले, पस्तीस मिनिटांचा तास आणि एकच सूक्ष्मदर्शक, तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही. तेवढ्यात हरितलवकांचा प्रवाह ओळखूही येत नाही. दोघांत एक फोल्डस्कोप दिला तर प्रत्येकाला सतरा मिनिटे तरी मिळतात. शाळेने आधी एक बरा संयुक्त सूक्ष्मदर्शक घ्यावा आणि मग वर्गासाठीचा घाऊक संच. पहिल्याला पर्याय म्हणून दुसरा नव्हे. घरी एकाच मुलासाठी घ्यायचा असेल तर काचपट्ट्या, चिमटा आणि दिवा असलेला मोठा संच घ्यावा, कारण साध्या संचाबरोबर दिवा वेगळा शोधत बसावे लागते. '१००० पट' असे छापलेल्या यूएसबी खेळण्यांच्या तुलनेत १४० हा आकडा फिका वाटेल, पण तिथल्या हजारात बहुधा पडद्याचा आकारही मोजलेला असतो. अशी वस्तू घेण्याआधी विभेदनक्षमता किती ते विचारावे.

सोबत घ्यायच्या गोष्टी: कव्हरस्लिपची एक जादा डबी (या सर्वांत आधी संपतात आणि फुटतात), औषधाच्या दुकानातले आयोडीन, मत्स्यालयाच्या दुकानातले मिथिलीन ब्लू पातळ करून, ड्रॉपर, टिपकागद आणि व्हॅसलीन. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही, संच सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावा. कागदाला दमट हवेने काही होत नाही, पण भिंगावर बुरशीची जाळी धरली की ती निघत नाही.